पाचवा 'का'

प्रिय भिंगरी,

पंधरा दिवसांपूर्वी फोनवर तू विचारलंस, बाबांनी माझ्याशी बोलायचंच नाही असं ठरवलंय का, आणि मी दूध उतू जातंय म्हणून घाईघाईने फोन ठेवला. दूध उतू जात नव्हतं. गॅसवर दूधच नव्हतं, पातेलं मोरीत भिजत पडलं होतं. पण असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर द्यायचं कसं? हे समोरच पेपर उघडून बसले होते, आणि मला एका दमात धड खोटंही बोलता येत नाही आणि खरंही. म्हटलं, सरळ पत्र लिहावं. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं आता करू नकोस. उत्तर आहे, पण त्याआधी आपल्या खुर्च्यांच्या कारखान्यात आलेल्या सुधारणेच्या साथीबद्दल तुला ऐकावं लागेल. हो, साथच. गोवराची येते तशी. एकाला झाली की घरभर होते, आणि खाज सुटते ती वेगळीच.

सुरुवात झाली वाचनालयाच्या खुर्च्यांपासून. त्या मोठ्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचं काम आपल्याला मिळालं, हे तुला कळवलं होतंच. अर्ध्या खुर्च्या आधी द्यायच्या, त्या पसंत पडल्या तर उरलेल्या अर्ध्या. एवढं मोठं काम हातात आलं म्हणून मिस्त्रींनी नवी माणसं ठेवून घेतली, लाकूड भरलं, सगळं कसं झोकात चाललं होतं. आणि एक दिवस ग्रंथपाल बाई स्वतः टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, मागे आपल्याच खुर्च्या. बाई कुजबुजत बोलतात, आयुष्यभराची सवय. तर त्या कुजबुजत म्हणाल्या, तुमच्या खुर्च्या फार बोलतात. कुणी पायावर पाय टाकला की कर्रर्र होतं, आणि सगळी अभ्यासिका मान वर करून त्याच्याकडे बघते. एका बिचाऱ्याने तर हलायचंच नाही असं ठरवलं, आणि जेवायला उठला तो पाय बधिर होऊन थेट कपाटावर आपटला. बाईंनी निक्षून सांगितलं, कुरकुर थांबली तर पुढचं काम, नाहीतर सगळ्याच परत. हे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत मान डोलवत होते. बाई गेल्यावर मला म्हणाले, काय म्हणत होत्या? मी सांगितलं. ऐकून हे मटकन बसले, आणि बसले ते नेमके परत आलेल्यांतल्याच एका खुर्चीवर. खुर्ची कर्रर्र बोलली. हे म्हणाले, बघ, ही तर ठणठणीत आहे.

आता आपल्याकडून कुरकुरणारी खुर्ची बाहेर गेलीच कशी? तुला बसणी आठवत असेलच. तुझे बाबा बसल्याशिवाय आपल्या कारखान्यातून एकही खुर्ची बाहेर पडत नाही. आधी डावीकडे रेलायचं, मग उजवीकडे, मग मागे, मग अख्खं अंग जरा उचलून धपकन सोडायचं, आणि डोळे मिटून ऐकायचं. सांधा कुठे सैल असेल तर तो बोलतोच. चांगली निघाली तर तिच्या हातावर एक थाप आणि एकच शब्द: जा. तूही लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बसणी केलेली आहेस आणि 'जा' म्हणायचा हट्ट धरून रडलेली आहेस. लोक लाकूड बघतात, पॉलिश बघतात, हे म्हणायचे, माझा धंदा माझ्या कानावर चालतो. बाजारातही तेच नाव झालं. तेव्हा खुर्च्या परत आल्या म्हणजे काय झालं, ते तूच समज. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी पॉलिशमावशींकडे, आणि पॉलिशमावशींनी काचकागद उचलून जी पाठ फिरवली, ती चहा येईपर्यंत इकडे वळवली नाही.

तेवढ्यात कारखानदारांच्या संघटनेत व्याख्यान होतं: धंद्यात रोज थोडी थोडी सुधारणा कशी करावी. एरवी असल्या ठिकाणी हे मागच्या रांगेत, चहाच्या जवळ. या वेळी पहिल्या रांगेत जाऊन बसले, वक्त्याच्या अगदी नाकासमोर. त्या गृहस्थांनी म्हणे सांगितलं की सुधारणेच्या रीती पुष्कळ आहेत, सगळ्या अंगावर चढवू नका, आपल्याला बसेल तीच निवडा. घरी येताना हे सोबत एक पुस्तिका घेऊन आले आणि रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचत बसले. पुस्तिकेवर आमटी सांडली. दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या सगळ्या रीती त्यांनी अंगावर चढवायला घेतल्या.

पहिली रीत, प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर. पिवळी चिकटपट्टी आणली, चांगली जाडजूड. हातोडीभोवती चौकोन, रंध्याभोवती चौकोन, सरसाच्या भांड्याभोवती गोल. सांधे आवळून धरणाऱ्या शिकंज्यांसाठी आखलेल्या चौकोनात मांजर झोपायला लागलं, आणि ते इतक्या शिस्तीत चौकोनाच्या आत झोपायचं की त्याला उठवायची कुणाची छाती होईना. पॉलिशमावशी एक दिवस स्वतःच्या पावलांभोवती पट्टी मारून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मालकांना सांगा, मी जागेवर आहे, आता मला कुणी हलवायचं नाही. कारखाना लखलखीत झाला, खोटं कशाला बोलू? पूर्वी पटाशी शोधण्यात अर्धी सकाळ जायची, ते थांबलं. पण मग साथ घरात शिरली. माझ्या ओट्यावर मिठाच्या बरणीभोवती पट्टी! मी चाळीस वर्षं त्या ओट्याशी उभी आहे, डोळे मिटून मीठ घालते, आणि हे मला मिठाची जागा दाखवणार? म्हटलं, थांबा जरा. दुसऱ्या दिवशी मी यांच्या आरामखुर्चीभोवती पट्टी मारली आणि वर चिठ्ठी लावली, 'न लागणारी वस्तू, काढून टाकणे.' त्यानंतर स्वयंपाकघर वाचलं. चष्म्यासाठी टेबलावर आखलेला चौकोन मात्र अजून आहे. तो नेहमी रिकामा असतो. चष्मा यांच्या कपाळावर आणि हे घरभर चष्मा शोधत फिरतात.

खुर्च्या कुरकुरतच होत्या. मग मिस्त्री म्हणाले, माझ्या साडूच्या कारखान्यात रोज सकाळी सगळे गोल करून उभे राहतात आणि काल काय अडलं ते एकेक जण सांगतो, आपणही करू. पहिल्या दिवशी केलं. मिस्त्री बोलले, नवी माणसं बोलली, पॉलिशमावशी तर अशा बोलल्या की गोलाचा चौकोन झाला. हे मध्ये उभे राहून सगळ्यांकडे बघत होते, हसत होते, मान हलवत होते. आठवडा संपायच्या आत त्यांनी ही रीत बंद केली. म्हणे, उभ्याउभ्या नुसती बडबड, आणि हल्ली सगळ्यांनाच तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागली आहे. मिस्त्री तोंडातल्या तोंडात? अगं, ते लग्नात बोलले तर पलीकडच्या मांडवातले लोक जेवायला येतात. हिरमुसले बिचारे. मी त्यांना चहात जास्त साखर घालून दिली.

त्याच्या जागी आला फळा. भिंतभर मोठा फळा आणि रंगीत कार्डं: चाललंय ते हिरवं, अडखळतंय ते पिवळं, अडलंय ते लाल. ज्याला जे सांगायचं त्याने ते कार्डावर लिहायचं, बोलायचं नाही. ही रीत यांना अशी काही आवडली की पूछो मत. सकाळी आले की आधी फळ्यापाशी. पॉलिशमावशींनी पहिल्याच दिवशी लाल कार्ड लावलं, 'चहा गार.' दुसऱ्या दिवशी 'चहा अजून गार.' पण थट्टा सोड, कामाचंही निघालं. नव्या माणसांतल्या एकाने लिहिलं की सरसाचं भांडं इतकं लांब ठेवलंय की सांध्यापाशी नेईपर्यंत सरस थंड होतो. लांब का? तर पिवळा गोल तिथे आखला होता! हे स्वतः खाली बसले, स्वतःच्या हाताने गोल उपटून काढला आणि शिकंज्यांच्या शेजारी नवा मारला. मांजरालाही सरकावं लागलं. मला त्या दिवशी यांचं खरंच कौतुक वाटलं. चूक कार्डावर लिहून आली की हा माणूस मुकाट्याने ऐकतो, चिडत नाही. तोंडी कुणी सांगितली असती तर? ते कुणी सांगतच नव्हतं ना.

नवे सांधे घट्ट व्हायला लागले, पण मधूनच एखादी खुर्ची तशीच निसटायची. यांनी बसून, थाप मारून, 'जा' म्हणून पाठवलेली खुर्ची वाचनालयातून परत. मग पुस्तिकेतली शेवटची रीत निघाली. अडचण आली की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्याला पुन्हा 'का', असं पाच वेळा, म्हणजे म्हणे मुळाशी पोचतो. शनिवारी मशिनं बंद केली, आम्हा सगळ्यांना फळ्यासमोर बसवलं आणि खडू घेऊन हे उभे राहिले. खुर्ची परत का आली? कुरकुरते म्हणून. का कुरकुरते? सांधा सैल. का सैल? तो सरस थंड असतानाचा जुना माल. बरं, मग सैल सांध्याची खुर्ची बाहेर का गेली? मिस्त्री हळूच म्हणाले, बसणीत सापडली नाही. म्हणजे म्हणाले नाहीत, उठून फळ्यावर लिहिलं. यांनी ते वाचलं. खाली मोठ्ठा आकडा काढला, पाच. आणि लिहिलं, बसणीत का सापडली नाही?

भिंगरी, तू तेव्हा आम्हाला बघायला हवं होतंस. मिस्त्री छपराचे पत्रे मोजायला लागले. पॉलिशमावशींना एकाएकी खोकला लागला. कारखान्यातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं, मलाही, आणि ज्याला विचारायचं तोच खडू घेऊन उभा. शेवटी मिस्त्रींनी हवेवर ढकललं, लाकूड फुगतं म्हणाले. पॉलिशमावशी म्हणाल्या, काही झाडं मुळातच कुरकुरी असतात, माझे दीर नाहीत का? आणि मी, तुझी शहाणी आई, काय बोलून गेले? म्हटलं, वाचनालयाची फरशीच वाकडी असेल. अगं, यांचा चेहरा असा उजळला! खडूने ठळक लिहिलं, 'फरशी वाकडी', खाली रेघ मारली, आणि सोमवारी सकाळी पाणसळ घेऊन निघाले वाचनालयाची फरशी मोजायला. मी सोबत गेले. आग लावली मी, म्हटलं विझवायला तरी जवळ असावं.

डोळ्यांसमोर आण. अभ्यासिका गच्च भरलेली, टाचणी पडली तर ऐकू यावी अशी, आणि तुझे बाबा गुडघ्यांवर रांगत टेबलांखाली. पाणसळ ठेवायची, बुडबुडा बघायचा, पुढे सरकायचं. एक मुलगी किंचाळता किंचाळता राहिली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काही न विचारता पाय वर घेतले आणि तसेच वाचत राहिले. ग्रंथपाल बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी जन्मात कधी न वाचलेलं एक जाडं पुस्तक तोंडासमोर धरून उभी. तेवढ्यात हे ज्या खुर्चीच्या पायाशी वाकले होते तिच्यावरचा माणूस जांभई द्यायला मागे रेलला. कर्रर्रर्र! साधीसुधी नव्हे, लांबलचक, दार उघडल्यासारखी. अख्ख्या अभ्यासिकेने मान वळवली. एकूण एक माणूस वळला. फक्त ज्यांच्या कानाशी ती खुर्ची ओरडली, ते बुडबुड्याकडे बघत मला खुशाल मोठ्याने सांगत होते, अगं, फरशी तर सरळ आहे!

मग त्यांनी वर बघितलं. सगळे चेहरे त्यांच्याकडे. आधी हसले, वाटलं असेल आपण मोठ्याने बोललो म्हणून. मग त्या माणसाकडे बघितलं, तो ओशाळून खुर्चीचा हात दाबून धरून बसला होता, पुन्हा आवाज होऊ नये म्हणून. मग खुर्चीकडे. मग माझ्याकडे. मला तोंडासमोरचं पुस्तक बाजूला करावंच लागलं. हे उठले, गुडघे झटकले, पाणसळ पिशवीत ठेवली. आम्ही चालत घराकडे निघालो. चौकात रिक्षाचा हॉर्न अगदी मागे वाजला तेव्हा मी हाताला धरून ओढलं, आणि घर येईपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. मला रडूच आलं ग. इतकी वर्षं कुठल्या रस्त्यावर आम्ही हातात हात घालून चाललो होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचायच्या आधी फळ्यावर 'फरशी वाकडी' पुसलेलं होतं. पाचव्या 'का'समोर लाल कार्ड, यांच्या वळणदार अक्षरात: 'बसणाऱ्याला ऐकू येत नाही.' आणि खाली, 'उपाय सुचवा.' मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली. पॉलिशमावशींनी पदर डोळ्यांना लावला, मनसोक्त रडल्या आणि मग जे तोंड सोडलं! आमचे घसे बसले मालक तुमच्याशी ओरडून ओरडून, आणि तुम्ही आम्हालाच म्हणता तोंडातल्या तोंडात बोलता? यांनी ते सगळं त्यांच्या तोंडाकडे बघत शांतपणे घेतलं आणि म्हणाले, कार्डावर लिहा. त्यावर जे हसू फुटलं, ते आठवून मला आत्ताही लिहिता लिहिता थांबावं लागतंय. उपाय निघाला. आता ज्याने सांधा मारला त्यानेच आधी बसायचं, कच्च्या खुर्चीवर, पॉलिश चढायच्या आत. शेवटची बसणी पॉलिशमावशींची. त्यांचे कान असे तिखट आहेत की त्यांना खुर्ची बोलायच्या आधी तिच्या मनातलं कळतं. वाचनालयाच्या सगळ्या खुर्च्या आणून, उकलून, पुन्हा जोडल्या. ग्रंथपाल बाई एकेकीवर बसल्या, पायावर पाय टाकून, जांभया देऊन. मग उरलेलं काम आपल्यालाच दिलं, आणि तेही चक्क मोठ्या आवाजात सांगितलं. म्हणजे मिस्त्रींची माणसं राहिली, आणि आपणही राहिलो.

आता तूच मागे वळून बघ, त्या सगळ्या रीतींतून यांनी कुठली धरली आणि कुठली टाकली. पट्टी धरली, फळा धरला, कार्डं धरली. बोलायची तेवढी टाकली. माणूस आपल्याला बसेल ते निवडतो खरं, पण कुठे टोचतंय ते स्वतःलाही सांगत नाही. आणि आता तुझं उत्तर. तू फोन करतेस, हे 'हं, बरी आहेस ना, आईशी बोल' म्हणतात आणि फोन माझ्या हातात कोंबतात. तुला वाटलं, कारखाना सोडून दुसऱ्या गावी नोकरीला गेलीस म्हणून बाबा रुसलेत. नाही ग राणी. त्यांना तुझा आवाज ऐकू येत नव्हता, आणि फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून वाचताही येत नव्हता. तू काहीतरी सांगशील आणि आपण भलतंच उत्तर देऊ, पोरीला कळेल, याची त्यांना भीती. मला सगळं कळत होतं, पण हे समोर असताना मी फोनवर कशी सांगणार? तू म्हणशील, त्यांना कुठे ऐकू येत होतं! अगं, नवऱ्याला आपल्याविषयी बोललेलं तेवढं बरोब्बर ऐकू येतं. आणि आणखी एक. तू निघालीस त्या दिवशी त्यांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि नुसतं 'जा' म्हणाले, ते तुला लागलं, मला ठाऊक आहे. बाबा 'जा' कुणाला म्हणतात, ते विसरलीस होय?

गेल्या आठवड्यात कानाचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी मला म्हणाले, तू एवढी बोलतेस? म्हटलं, लग्नापासून. सकाळचा गोल पुन्हा सुरू झालाय, आणि इतके दिवस पाठीमागे बिनधास्त पुटपुटणाऱ्या पॉलिशमावशींची पंचाईत झालीये. पत्र लिहायचं कारण मात्र हे नाही. काल संध्याकाळी यांनी ती उरलेली पिवळी पट्टी काढली आणि घरातल्या फोनपाशी जमिनीवर एक चौकोन आखला. आत एक खुर्ची ठेवली, नव्या मालातली, पॉलिशमावशींनी पास केलेली. त्या चौकोनात पाऊल ठेवायची मला बंदी आहे. विचारलं, हे काय? तर म्हणाले, पोरीचा फोन आला की बसायची जागा. तेव्हापासून तीनदा जाऊन बसून आलेत, यंत्र लावून, नुसतेच. तर रविवारी फोन कर. मी उचलणार नाही, शेजारी उभी असले तरी. ते गडबडतील, यंत्र नीट करतील, चष्मा शोधतील, तेवढा वेळ लागेल. तू ठेवू नकोस. वाजू दे.

तुझीच,
आई